सेकंडहँड घराचा इतिहास : जुनी मोटारहोम घेताना लोक काय पाहत आले

मंडळी, आज एका वेगळ्याच वास्तूबद्दल बोलायचं आहे. ही वास्तू चालते. तिला पायाऐवजी टायर असतात, पत्त्याऐवजी नंबरप्लेट असते, आणि ती विकत घेताना माणसाला दोनदा काळजी करावी लागते: एकदा गाडी म्हणून, एकदा घर म्हणून. मोटारहोम. त्यातही जुनी, कुणीतरी वापरून झालेली. नव्या वस्तूचा इतिहास कंपनी लिहिते. जुनी वस्तू मात्र हातोहात कशी फिरली, तिची किंमत कशी ठरली, घेणारा काय तपासायला शिकला, हे कुणी फारसं लिहून ठेवत नाही. आपण आज तेच पाहणार आहोत. जुनी मोटारहोम घेणारे युरोप-अमेरिकेतले लोक हातात जी यादी घेऊन जातात, तिच्यातल्या जवळजवळ प्रत्येक कलमामागे कुठलंतरी साल उभं आहे, असं आम्हांला दिसलं.

सुरुवात घोड्यांपासून करावी लागते. इंग्लंडमधले रोमानी लोक लाकडी, रंगवलेल्या, चूल असलेल्या गाड्यांत राहत, आणि घरातलं माणूस गेलं की त्याची गाडी जाळून टाकण्याची त्यांच्यात प्रथा होती. म्हणजे चाकावरचं घर ही पुन्हा विकायची वस्तूच नव्हती. पुढे १८८५ साली विल्यम गॉर्डन स्टेबल्स या नौदलातून निवृत्त झालेल्या डॉक्टराने ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्यातून निव्वळ हौसेसाठी अशी गाडी बांधून घेतली. तिचं नाव ‘वाँडरर’. दोन घोडे जुंपून ते थेट स्कॉटलंडपर्यंत गेले, त्यावर पुस्तक लिहिलं. ती गाडी आजही जपून ठेवलेली आहे. हौसेसाठी फिरतं घर ही कल्पना तिथून मध्यमवर्गात रुजली असं मानायला हरकत नाही.

मोटार आली तशी घरं मोटारीवर चढली. १९१० साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पिअर्स-ॲरो कंपनीने ‘टूरिंग लँडॉ’ मांडली. तिची मागची सीट उघडून पलंग व्हायचा. पण हे सगळं धनिकांचं. धनिकांच्या वस्तूंचा जुना बाजार लवकर तयार होत नाही. तो होण्यासाठी एकसारख्या हजारो गाड्या लागतात, म्हणजे मग एकीची दुसरीशी तुलना करता येते. ते घडलं दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि घडवलं फोक्सवॅगनने.

बेन पॉन हा डच व्यापारी. वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात आतल्या आत माल हलवण्यासाठी बीटलच्या सांगाड्यावर केलेली एक उघडी गाडी त्याने पाहिली, आणि एप्रिल १९४७ मध्ये आपल्या वहीत एका डब्यासारख्या व्हॅनचं रेखाचित्र काढलं. मार्च १९५० मध्ये त्या व्हॅनचं उत्पादन सुरू झालं. १९५१ साली वेस्टफालिया या कंपनीने तिच्यासाठी ‘कॅम्पिंग बॉक्स’ काढला: लाकडी कपाट, त्यातच स्वयंपाकाची सोय, आणि पलंग. तो काढता-घालता यायचा. आठवडाभर व्हॅनमधून माल न्या, शनिवारी बॉक्स बसवा, निघा.

आता बघा, इथेच जुन्या बाजाराचा पहिला प्रश्न जन्माला आला. ही गाडी कारखान्यातूनच कॅम्पर म्हणून निघाली, की ही मुळात बेकरीची व्हॅन होती आणि नंतर कुणीतरी आत फळ्या ठोकल्या? दोन्ही दिसायला सारख्याच. किमतीत मात्र आज जमीन-अस्मानाचा फरक. उत्तर एका लहानशा पत्र्यावर असतं. सत्तरच्या दशकातल्या फोक्सवॅगनमध्ये पुढच्या सीटच्या मागच्या बाजूला धातूची एक पट्टी असते. तिच्यावर रंग, इंजिन, कुठल्या देशासाठी गाडी केली आणि आतली मांडणी कुठली, हे सगळं आकड्या-अक्षरांत कोरलेलं असतं. जाणकार गिऱ्हाईक आधी इंजिन उघडत नाही, ही पट्टी वाचतो. ताम्रपट वाचावा तसाच हा प्रकार. पट्टी एक सांगते आणि विकणारा दुसरं, असं झालं तर पट्टीचं ऐकायचं.

दुसरा प्रश्न गंजाचा. या व्हॅनला ट्रकसारखा खाली वेगळा सांगाडा नाही, पत्राच सांगाड्याचं काम करतो. दाराखालच्या पोकळ पट्ट्या कुजल्या तर गाडीचा कणाच मोडतो. चाकांच्या कमानी, समोरच्या काचेखालचा भाग, मागे बॅटरी ठेवायची जागा हेही गंजण्याचे नेहमीचे कोपरे. विकणारे तिथे लांबी भरून, वरून रंग मारून देत. म्हणून गिऱ्हाईक खिशात लोहचुंबक घेऊन जाऊ लागलं. पत्रा असेल तिथे चुंबक चिकटतं, लांबी असेल तिथे नाही. आणि तिसरी गोष्ट, आगीची. इंजिन मागे, हवेने थंड होणारं, आणि त्याच बंदिस्त जागेत पेट्रोलच्या रबरी नळ्या. रबर कडक होऊन चिरतं, गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकतं. अशा कितीतरी गाड्या रस्त्याच्या कडेला जळून गेल्या. पन्नास-शंभर रुपयांच्या नळीपायी लाखांची गाडी. नळ्या कधी बदलल्या, हा प्रश्न आजही पहिल्या पाचांत विचारला जातो, आणि उत्तर नीट मिळालं नाही तर गाडी घरी चालवत न्यायच्या आधी नळ्या बदलतात.

साठ-सत्तरच्या दशकात या जुन्या गाड्यांचा एक बाजार लंडनमध्ये भरायचा, तोही चक्क रस्त्यावर. स्ट्रँड भागात ऑस्ट्रेलिया हाऊस आहे, त्याच्या आसपास ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडची तरुण मंडळी आपापल्या व्हॅन लावून ठेवत, काचेवर किमतीचा कागद. पुढे हा बाजार इस्लिंग्टनमधल्या मार्केट रोडवर सरकला. वसंतात आलेली पोरं व्हॅन घेत, उन्हाळाभर युरोप पालथा घालत आणि परतायच्या विमानाआधी ती पुढच्याला विकत. त्यामुळे एप्रिलमध्ये भाव चढा, थंडीच्या तोंडावर पडलेला. तिकीट हातात असलेला विकणारा घासाघीस करत नाही, हे घेणाऱ्यांनी बरोबर हेरलं होतं. आजही जुनी मोटारहोम हिवाळ्यात बघावी म्हणतात त्याचं एक कारण भाव. दुसरं कारण पावसाचं आहे. त्याकडे येतोच.

ब्रिटनमध्ये १९६० पासून जुन्या गाड्यांना एमओटी तपासणी लागू झाली. ब्रेक, दिवे, स्टिअरिंग. त्या रस्त्यावरच्या बाजारात ‘एमओटी इतके महिने बाकी’ हे जणू विक्रीचं मुख्य वाक्य होतं. पण त्या दाखल्यात घराबद्दल एक अक्षर नसायचं. छप्पर गळतं का, गॅसची नळी कशी आहे, हे तपासणाऱ्याचं कामच नव्हतं. मोटारहोमची ही मूळ अडचण आहे: सरकारी कागद गाडीचा असतो, घराचा नसतो.

यातल्या काही व्हॅन इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर करत आपल्याकडे आल्या. दिल्ली, पुढे काठमांडू, नाहीतर खाली गोवा. हणजुण्याच्या माडांखाली उभ्या असलेल्या फोक्सवॅगन गोव्यातल्या जुन्या लोकांना आठवत असतील. त्या गाड्या ‘कार्ने’ नावाच्या कागदावर यायच्या. गाडी तात्पुरती आणली आहे, ती परत नेऊ, नाही नेली तर जकात भरू, असा तो हमीचा कागद. म्हणजे गाडी इथे परस्पर विकणं बेकायदेशीर. पैसे संपलेल्या प्रवाशाकडे दोनच मार्ग: गाडी पुन्हा हजारो किलोमीटर मागे न्यायची, नाहीतर जकातीच्या कटकटीत पडायचं. १९७९ मध्ये इराणची क्रांती झाली, वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, आणि तो रस्ताच मिटला.

आता अमेरिकेत जाऊ. तिथली गोष्ट आकाराने मोठी आहे, सगळ्याच अर्थांनी. आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटी या गावात विनेबागो कंपनीने १९६६ साली मोटारहोम साखळी पद्धतीने, म्हणजे कारखान्यातल्या ओळीवर, बांधायला घेतल्या आणि किंमत इतरांच्या मानाने खूप खाली आणली. निवृत्त शिक्षक, शेतकरी, छोटे दुकानदार त्या घेऊ लागले. भिंती म्हणजे सँडविच: बाहेर ॲल्युमिनियम, मध्ये फोम, आत प्लायवुड. हलकं, स्वस्त, उबदार.

आणि पाण्याला भ्यायलेलं. मंडळी, मोटारहोमच्या जुन्या बाजाराचा सगळा इतिहास एका शब्दात सांगायचा तर तो शब्द ‘ओल’. इंजिन नव्हे. इंजिन बिघडलं तर आवाज करतं, धूर सोडतं, चुगली करतं. पाणी गप्प असतं. छपरावरच्या झरोक्याभोवतीचं सील दहा वर्षांत सुकतं, एक केसाएवढी फट पडते, पाणी आत उतरतं आणि भिंतीच्या सँडविचमध्ये वर्षानुवर्षं मुरतं. बाहेरून सगळं चकचकीत. मग एक दिवस भिंतीला फुगा येतो, कारण थरांमधला गोंद सुटलेला असतो, आणि आतली लाकडी पट्टी बोटाने कुस्करता येते. ही दुरुस्ती कित्येकदा गाडीच्या किमतीच्या वर जाते. आपल्या कोकणातल्या घराला दरसाल शाकारणी लागायची, कारण पावसाशी भांडण कायमचं आहे हे सगळ्यांना मान्य होतं. मोटारहोमवाल्यांनी ते मान्य करायला फार वेळ लावला.

म्हणून जाणता माणूस पाऊस पडून गेल्यावर गाडी बघायला जातो. आत शिरला की काही बोलत नाही, आधी वास घेतो. कुबट वास लपवायला विकणाऱ्याने उदबत्ती किंवा सुगंधी फवारा मारला असेल, तर तोच पुरावा. मग कपाटांचे वरचे कोपरे, खिडक्यांच्या खालच्या कडा, पलंगाखालची जमीन, जिथे कुणी पाहत नाही अशा जागा अंगठ्याने दाबायच्या. ओल मोजायचं पिना असलेलं छोटं यंत्र मिळतं, ते भिंतीला टेकवायचं. शेवटी शिडी घेऊन छतावर. विकणारा शिडी द्यायला कांकू करत असेल तर तिथूनच परत फिरावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

याच काळात जनरल मोटर्सने एक निराळा प्रयोग केला. १९७३ ते १९७८ त्यांनी स्वतःची मोटारहोम काढली. लाकडाच्या सांगाड्याऐवजी ॲल्युमिनियम, त्यावर ॲल्युमिनियम आणि फायबरग्लासचे पत्रे, पुढच्या चाकांना जोर, मागे एकामागे एक अशी दोन-दोन चाकं, त्यामुळे जमीन अगदी खाली. सुरुवातीला इंजिन साडेसात लिटरचं. तेरा हजारांच्या जरा आत गाड्या निघाल्या. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, आणि लिटरला चारेक किलोमीटर जाणाऱ्या घराकडे लोक वेगळ्या नजरेने बघू लागले. कंपनीने पुढे हात काढून घेतला. तरीही त्या गाड्यांपैकी बऱ्याच आजही रस्त्यावर आहेत. एक कारण, त्या कुजत नाहीत. दुसरं, मालकांनी संघटना बांधल्या, सुटे भाग पुन्हा करून घेतले, आणि कुठला बोल्ट किती आवळायचा इथपर्यंतचं ज्ञान एकमेकांना दिलं. जुनी मोटारहोम घेताना कंपनी जिवंत आहे का यापेक्षा मालकांची बिरादरी जिवंत आहे का, हे विचारणं जास्त कामाचं.

आता या बाजारातल्या संशयाबद्दल थोडं. जॉर्ज ॲकरलॉफ नावाच्या तरुण अर्थशास्त्रज्ञाने १९६७ च्या जून महिन्यात जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध अमेरिकेतल्या नियतकालिकाकडे पाठवला आणि तो वर्षभरासाठी भारतात आला. इथे असतानाच त्याला नकाराचं पत्र मिळालं. आणखी दोन नियतकालिकांनीही नाकारलं. १९७० साली निबंध छापून आला, आणि २००१ साली त्याच कामासाठी नोबेल. निबंधाच्या नावात ‘लेमन’ आहे, म्हणजे लिंबू. आपण नव्या गाडीला दृष्ट लागू नये म्हणून लिंबू बांधतो, अमेरिकेत सदोष गाडीलाच लिंबू म्हणतात. त्याचा मुद्दा असा: गाडीतला दोष विकणाऱ्याला माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो. तो भाव चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो, आणि उरतात ती लिंबं. गंमत म्हणजे या निबंधात भारतीय गृहिणीही आहे. तांदळात मुद्दाम मिसळलेले, तांदळासारखेच दिसणारे खडे तिला वेचून काढावे लागतात, हे उदाहरण त्यात आलं आहे. सुपात तांदूळ निवडणारी आपली आजी आणि शिडी लावून छप्पर दाबणारा आयोवातला शेतकरी एकच काम करत होते.

अमेरिकेत कायदा हळूहळू मागून आला. १९७२ मध्ये किलोमीटरचा काटा मागे फिरवण्याविरुद्ध केंद्रीय कायदा झाला, १९७५ मध्ये वॉरंटीचा. पण काट्याचा आकडा मोटारहोमच्या बाबतीत तसाही फसवा. इथे दोन घड्याळं चालू असतात: इंजिनाचं किलोमीटरमध्ये, घराचं वर्षांमध्ये. वीस वर्षांची गाडी फक्त चाळीस हजार किलोमीटर गेली हे ऐकून नवखा माणूस खूश होतो. जाणता विचारतो, मग ती उरलेला वेळ उभी कुठे होती? उभ्या गाडीचे ब्रेक धरतात, सील सुकतात, टायर एका जागी चपटे होतात. टायरची नक्षी नवीकोरी दिसेल, पण कडेला चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ‘२३१२’ म्हणजे २०१२ सालचा तेविसावा आठवडा. असे टायर नक्षी कितीही असली तरी बदलायचे. हा चार आकडी शिक्का २००० सालापासूनचा. त्याआधी तीनच आकडे असत, म्हणजे तीन आकडे दिसले तर टायर गेल्या शतकातला.

फ्रिजची गोष्ट राहिली. मोटारहोममधला पारंपरिक फ्रिज गॅसच्या ज्योतीवर थंड होतो. १९२२ साली स्टॉकहोममधल्या दोन विद्यार्थ्यांनी, फॉन प्लाटेन आणि मुंटर्स यांनी ही युक्ती काढली. त्यात फिरणारा भागच नाही, अमोनिया आपोआप वाहत राहतो, म्हणून आवाज नाही. पण गाडी तिरकी उभी असताना तो चालवत राहिलं तर तो कायमचा निकामी होऊ शकतो. थंड व्हायलाही कित्येक तास घेतो. त्यामुळे सांगायचं असं की, आम्ही उद्या येतोय, आज रात्रीच फ्रिज गॅसवर लावून ठेवा. इंजिन मात्र गार ठेवा, ते आमच्यासमोर चालू करा. फ्रिजच्या मागे पिवळी भुकटी किंवा अमोनियाचा वास आला, तर नव्या फ्रिजचे पैसे किमतीतून वजा करूनच बोलायचं.

युरोपात आणखी एक भानगड आहे, वजनाची, आणि ती संपूर्णपणे कायद्याच्या इतिहासातून आली आहे. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ नंतर परीक्षा दिलेल्यांना साध्या लायसन्सवर साडेतीन टनांपर्यंतचीच गाडी चालवता येऊ लागली, त्याआधीच्यांना साडेसात टनांपर्यंत. जर्मनीत हाच बदल १९९९ पासून. म्हणजे एका पिढीने घेतलेल्या मोठ्या मोटारहोम पुढच्या पिढीतल्या अनेकांना चालवताच येत नाहीत. साडेतीन टनांच्या आतल्या गाडीचं दुखणं वेगळं. रिकामी गाडी एकतीसशे किलो असेल तर उरले चारशे. आणखी दोन माणसं दीडशे, पाण्याची टाकी शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, सायकली, सिलिंडर, भांडीकुंडी, आणि मागच्या मालकाने हौसेने बसवलेली छत्री, सोलर पॅनल, जादा बॅटरी. घर सुसज्ज, पण कायद्याने एक पिशवी ठेवायला जागा नाही. आधी वजनकाट्यावर गाडी चढवून पाहणारे लोक विक्षिप्त नसतात.

शेवटी आपल्या घराजवळ येऊ. जर्मनीत एर्विन हायमरने १९६१ साली बोर्गवर्ड कंपनीच्या गाडीवर मोटारहोम केली आणि त्याच वर्षी बोर्गवर्ड बुडाली. उत्तम घर, पण खालची गाडी अनाथ. हायमर पुन्हा मोटारहोमकडे वळले ते थेट सत्तरच्या दशकात. बोर्गवर्डचा ब्रेमेनमधला कारखाना हानोमागकडे गेला, तिथून मर्सिडीजकडे, आणि १९७७ पासून तिथे मर्सिडीजची टी-१ व्हॅन निघू लागली. तिचं ‘२०७ डी’ हे डिझेल रूप जुन्या कॅम्परच्या शौकिनांत फार मानाचं. हळू चालते, पण थांबत नाही. याच टी-१ वर बजाज टेम्पोची ‘ट्रॅव्हलर’ आधारलेली आहे. त्याआधीची आपली मॅटाडोरही जर्मन वंशाचीच. म्हणजे लग्नाच्या वऱ्हाडाला नेणारी टेम्पो ट्रॅव्हलर ही युरोपातल्या त्या फिरत्या घरांची सख्खी बहीण. आज आपल्याकडे बांधल्या जाणाऱ्या बऱ्याच कॅराव्हॅन तिच्यावरच उभ्या आहेत.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आता पहिल्या पिढीच्या गाड्या विकायला निघत आहेत, त्यातल्या काही मुळात प्रवासी व्हॅन, काही चित्रीकरणाच्या व्हॅनिटी व्हॅन. त्या बेकरीच्या व्हॅनचा प्रश्न आता आपल्या दारात आहे. आपल्याकडे ती धातूची पट्टी म्हणजे आरसी बुक. त्यात गाडीचा प्रकार काय लिहिला आहे ते वाचा. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस १२४ हे मानक आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मनमानी बदल करता येत नाहीत, त्यासाठी आरटीओची मान्यता लागते. आत ओटा, संडास, पलंग, आणि आरसीवर मात्र तेरा सीटची प्रवासी गाडी, असं असेल तर अपघातानंतर विमा कंपनी काय म्हणेल याचा विचार गाडी घेण्याआधी करावा. बँकेचा बोजा उतरला आहे का, परराज्यातली असेल तर एनओसी आहे का, टुरिस्ट परमिटवर असेल तर कर भरला आहे का, हेही बघायचंच. आणि पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर, शिडी घेऊन.

प्रश्न असतील तर आता घेऊ.